दुसरे मायकल जॅक्सन आणि शेतघरातली बिअर

नोव्हेंबर १९९६ मध्ये मायकल जॅक्सन मुंबईत आला, तेव्हा अंधेरीच्या क्रीडासंकुलात लोटलेली गर्दी आजही अनेकांच्या स्मरणात आहे. त्या काळात याच नावाचे आणखी एक गृहस्थ पश्चिम लंडनच्या हॅमरस्मिथ भागात राहत होते. कुरळे केस, दाढी, चष्मा, किंचित सुटलेले पोट आणि हातात वार्ताहराची वही, असे त्यांचे रूप. आपण गात नाही, आपल्याला कोलाही लागत नाही, आपले पेय बिअर, अशी ओळख ते दूरचित्रवाणीवर स्वतःच गमतीने करून देत. गायकाच्या प्रसिद्धीपुढे त्यांचे नाव झाकोळले जाणे स्वाभाविक होते. मात्र बेल्जियमच्या खेड्यांत आणि अमेरिकेच्या मद्यनिर्मितीगृहांत ‘मायकल जॅक्सन’ म्हटले की आजही आधी हेच गृहस्थ आठवतात.

बिअर हे पेय जगात सर्वत्र आहे. पण ते चाखून त्याविषयी गांभीर्याने लिहावे, असे फार काळ कोणाला वाटले नव्हते. वाइनला समीक्षक होते, शब्दकोश होता, सरदारी थाट होता. बिअर मात्र कारखान्यातून सुटलेल्या कामगाराची तहान भागवणारी, म्हणून तिची चव वर्णन करण्याची गरज काय, असा समज रूढ होता. हा समज मोडण्यात जॅक्सन यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

त्यांचा जन्म २७ मार्च १९४२ रोजी यॉर्कशायरमधील वेदरबी येथे झाला. वडिलांचे घराणे लिथुआनियातून आलेल्या ज्यू निर्वासितांचे. मूळ आडनाव याकोवित्झ. इंग्लंडमध्ये रुळताना वडिलांनी त्याचे जॅक्सन केले. पुढे ज्या नावामुळे इतके विनोद झाले, ते नाव असे एका पिढीआधीच घडवलेले होते. वडील मालमोटार चालवीत. कुटुंब कष्टकरी वर्गातले, घरात पुस्तकी वातावरण बेताचे. हडर्सफील्डजवळच्या आल्मंडबरीतील किंग जेम्स ग्रामर स्कूलमध्ये जॅक्सन शिकले आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करू लागले. परिसरातील पब्जवर त्यांनी लेख लिहिले, तेव्हा कायद्याने मद्यपान करण्याइतके त्यांचे वयही झालेले नव्हते. संपादकांनी त्याकडे काणाडोळा केला असावा.

पुढे एडिंबरो, मग लंडन असा प्रवास झाला. एडिंबरोत त्यांना व्हिस्कीची गोडी लागली. तीही आयुष्यभर टिकली आणि सिंगल माल्ट व्हिस्कीवरचा त्यांचा ग्रंथ काहींच्या मते बिअरवरील लिखाणापेक्षाही अधिक खपला. लंडनमध्ये ‘कॅम्पेन’ या जाहिरात व्यवसायाच्या नियतकालिकाचे संपादकपद त्यांनी सांभाळले. पण आयुष्याला वळण मिळाले ते अ‍ॅमस्टरडॅममध्ये पत्रकारिता करताना. सीमा ओलांडून ते बेल्जियममध्ये गेले आणि तिथल्या बिअरने त्यांना थक्क केले. मठातील साधूंनी तयार केलेली गडद बिअर, चेरीत मुरवलेली आंबट बिअर, कोथिंबिरीचे बी म्हणजे धणे आणि संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर. एवढ्याशा देशात इतके प्रकार नांदत होते आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. देशातले लोकही त्याविषयी काहीसे संकोचानेच बोलत. तरुण पिढीला जर्मन पद्धतीची सोनेरी, थंडगार लागर हवी होती. जुन्या बिअर म्हणजे आजोबांचे पेय.

‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ हा जॅक्सन यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये तेव्हा पारंपरिक एल वाचवण्याची ग्राहक चळवळ १९७१ पासून जोर धरत होती. त्यामुळे वाचक तयार होता. परंतु या ग्रंथाने केलेले काम चळवळीच्या पलीकडचे होते. जगभरच्या बिअरची त्यांनी प्रकारांनुसार मांडणी केली. कोणता प्रकार कुठे जन्मला, तो कोणत्या पाण्यातून, धान्यातून आणि यीस्टमधून घडला, तो कसा लागायला हवा, हे सलगपणे सांगणारे पुस्तक त्याआधी नव्हते. आज कुठल्याही बिअरच्या बाटलीवर तिचा प्रकार लिहिलेला असतो. ती सवय बऱ्याच अंशी या एका पुस्तकाने लावली.

या प्रकारांतील एकाशी जॅक्सन यांचे नाव विशेष जोडले गेले. तो प्रकार म्हणजे ‘सेझॉन’. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ऋतू, हंगाम. बेल्जियमच्या दक्षिणेकडील फ्रेंचभाषक वालोनिया प्रांतात, विशेषतः एनो परगण्यात, ही शेतघरातली एल तयार होत असे. परंपरेने सांगितली जाणारी हकिगत अशी: उन्हाळ्यात हवेतील जिवाणू बिअर नासवतात, म्हणून ती हिवाळ्यात करायची. पिके निघालेली असतात, गडी रिकामे असतात. धान्य मोड आणून वाळवायचे, शिजवायचे, त्यात हॉप्स घालून उकळायचे आणि आंबवून ठेवून द्यायचे. उरलेला चोथा गुरांना. साठवलेली बिअर पुढच्या उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या हंगामी मजुरांची तहान भागवी. ती सौम्य असे, कारण दिवसभर पिऊन पुन्हा विळा चालवायचा असे. आज मिळणारी सेझॉन त्या मानाने बरीच कडक आहे.

अलीकडच्या काही अभ्यासकांनी या हकिगतीवर प्रश्नचिन्ह लावले आहे. एकोणिसाव्या शतकात लिएजसारख्या शहरातही सेझॉन नावाची बिअर व्यापारी पद्धतीने तयार होत होती, असे जुन्या ग्रंथांतून दिसते. मजुरांची कहाणी खरी असली, तरी पूर्ण नाही. जॅक्सन यांनी मात्र आपल्या काळात ती कहाणी जशी ऐकली तशीच स्वीकारली आणि आपल्या लेखनातून दूरवर पोहोचवली. कागदपत्रे धुंडाळणाऱ्या इतिहासकारापेक्षा त्यांच्यातला वार्ताहर प्रबळ होता, आणि वार्ताहराला माणसांनी सांगितलेले अधिक भावते.

तूर्प हे एनोमधील लहानसे गाव. तिथल्या एका शेतवाडीत १८४४ पासून बिअर होत आली आहे. १९२० मध्ये आल्फ्रेड दुपाँ यांनी ती वाडी विकत घेतली. त्यांचा मुलगा लुई कॅनडात शेती करायला निघाला होता. त्याला घरी थांबवण्यासाठी वडिलांनी केलेली ही तजवीज. लुई थांबला आणि ‘ब्रासरी दुपाँ’ उभी राहिली. पुढे कारभार त्याच्या भाच्याकडे आणि त्याच्या वारसांकडे गेला. या वाडीतील ‘सेझॉन दुपाँ’ साडेसहा टक्के अल्कोहोलची. तिचे यीस्ट मोठे विचित्र. बहुतेक एल ज्या तापमानाला बिघडतील, त्याहून वरच्या, तीस अंशांच्या पुढच्या उष्णतेत ते उत्तम काम करते. मध्येच आळसावते, ऊब दिली की पुन्हा जागे होते आणि साखर जवळजवळ संपवूनच थांबते. त्यामुळे बिअर गोडसर राहत नाही, कोरडी होते. तांब्याच्या कढईखाली थेट ज्योत लावण्याची जुनी पद्धतही त्यांनी सोडली नाही. बाटलीत भरल्यावर पुन्हा काही आठवडे ती उबदार खोलीत मुरते.

ऐंशीच्या दशकात या बिअरचे दिवस भरत आले होते. गावकऱ्यांची पसंती त्याच घराण्याच्या ‘मुआनेत’ या अधिक कडक बिअरला होती. सेझॉनचा खप इतका घसरला होता की ती बंदच करावी, असा विचार वाडीत सुरू होता. एक यीस्ट, एक कढई आणि एक सवय असलेले कुटुंब, एवढ्यावरच तो प्रकार तगून होता. ही साखळी एकदा तुटली असती, तर पुन्हा जुळवणे कठीण होते. नेमक्या त्याच काळात जॅक्सन यांचे लिखाण वाचून अमेरिकेतील आयातदार बेल्जियमच्या खेड्यांत येऊ लागले. १९८९ मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’वर सहा भागांची ‘द बिअर हंटर’ ही त्यांची मालिका आली. पुढे ती अमेरिकेतही दिसली. १९९१ मध्ये ‘द ग्रेट बिअर्स ऑफ बेल्जियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात सेझॉनला स्वतंत्र स्थान होते. तूर्पमधील मागणी वाढू लागली ती परदेशातून. गावाने ज्याकडे पाठ फिरवली होती, त्या पेयाला सातासमुद्रापलीकडचे गिऱ्हाईक मिळाले. हे एकट्या जॅक्सन यांचे कर्तृत्व, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कढईपुढे उभे राहणारे हात दुपाँ घराण्याचेच होते. पण त्या हातांना दम धरण्याचे कारण या लिखाणाने पुरवले.

अशी बिअर पारखायची कशी? जॅक्सन यांच्या लेखनातून त्यांची पद्धत स्वच्छ दिसते. पेला नितळ हवा, साबणाचा वा तेलाचा अंशही फेस मारतो. बिअर बर्फासारखी गार नको. साधारण दहा अंशांच्या आसपास असली तरच तिचा गंध मोकळा होतो. आधी डोळ्यांनी पाहायचे. सेझॉन दुपाँ ओतली की फेसाचा मोठा, खडकासारखा उंचसखल ढिगारा उभा राहतो आणि पेय उतरले तरी पेल्याच्या काचेवर त्याची जाळी मागे राहते. रंग नारिंगीकडे झुकणारा सोनेरी, किंचित धूसर. मग नाक. मिरीचा तिखट वास, लिंबूवर्गीय फळाची साल, गवताची ओल. त्यानंतर घोट. सुरुवातीला हलका गोडवा, मध्ये मसाल्याची चुणूक, शेवटी लांबत जाणारा कडवटपणा आणि घसा कोरडा करून पुढचा घोट मागायला लावणारा शेवट.

वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे परीक्षक गिळतात. कडवटपणाची खरी उंची गिळल्यावर कळते आणि घशातून नाकाकडे वर चढणारा गंध तेव्हाच उमगतो. जिभेच्या मागच्या भागालाच कडू कळते, हे जुने स्पष्टीकरण आता शास्त्राने मागे टाकले आहे. रिवाज मात्र योग्य ठरला. साहजिकच परीक्षकाला प्रमाण सांभाळावे लागते. लहान घोट, मध्ये पाणी, पावाचा तुकडा.

गुणांइतकेच दोष ओळखणे महत्त्वाचे. शिजलेल्या कोबीचा वास, ओल्या पुठ्ठ्याची चव, लोण्याचा तुपकटपणा हे सेझॉनमधील दोष. दुपाँची बिअर हिरव्या बाटलीतून येई. हिरवी काच उजेड अडवत नाही आणि उजेडाने हॉप्समधील घटक विघटित होऊन उग्र दुर्गंध सुटतो. दुकानाच्या दिव्याखाली महिनोन्महिने उभी राहिलेली बाटली उघडून एखाद्याने सेझॉनला नावे ठेवली, तर दोष कढईचा की फडताळाचा, हे परीक्षकाला ओळखता आले पाहिजे.

मात्र एका प्रकारातला दोष दुसऱ्या प्रकारात गुण असू शकतो. लोण्याचा पुसटसा वास काही इंग्लिश एलमध्ये खपवून घेतला जातो. आंबटपणा लागरमध्ये आला तर ती नासली. ब्रुसेल्सच्या लांबिकमध्ये तोच तिचा प्राण. बिअर करणाऱ्याला काय साधायचे होते हे कळल्याशिवाय त्याने ते साधले की नाही, हे ठरवता येत नाही. जॅक्सन यांचा सारा भर यावर होता. हापूस आणि रायवळ एकाच तराजूत तोलू नयेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. रायवळला तो हापूस नाही म्हणून कोणी नापास करीत नाही. बिअरबाबत मात्र जगभर अगदी तेच चालले होते.

अमेरिकेत या विचाराचे रोप सर्वांत जोमाने वाढले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या खंडप्राय देशात शंभराहून कमी बिअर कंपन्या उरल्या होत्या आणि बहुतेकांची चव सारखी होती. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर करण्यावरील निर्बंध उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. घरगुती बिअर करणाऱ्यांचे पुढारी चार्ली पापाझियन १९८१ मध्ये इंग्लंडमधील बिअर महोत्सव पाहायला आले, तेव्हा असा उत्सव अमेरिकेत भरवावा का, असे त्यांनी जॅक्सन यांना विचारले. कल्पना छान आहे, पण बिअर कुठून आणणार, अशा अर्थाचा जॅक्सन यांचा टोला प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ भरला. कालांतराने तिथे परीक्षकांची मंडळे बसू लागली. पेल्यांवर नावे नसत, फक्त आकडे असत. जॅक्सन यांनीही परीक्षक म्हणून काम केले. २०२३ मध्ये अमेरिकेतील बिअरनिर्मात्यांची संख्या नऊ हजारांवर गेली होती आणि त्यातील असंख्य ठिकाणी ‘फार्महाउस एल’ या नावाखाली सेझॉन तयार होते. त्यांपैकी बऱ्याच जणांचे शेताशी नाते केवळ बाटलीवरील चित्रापुरते आहे, हेही नमूद करायला हवे.

इथेच जॅक्सन यांच्या वारशातली अडचण आहे. वर्गवारी समजण्यासाठी केली होती, स्पर्धांनी तिचे नियम बनवले. रंग इतका, कडवटपणा इतका, अल्कोहोल इतके. शेतघरातली एल मुळात वाडीगणिक वेगळी. कोणी जव वापरी, कोणी त्यात गहू, ओट किंवा स्पेल्ट हे जुन्या जातीचे धान्य मिसळी. परंतु टिकून राहिलेल्यांत दुपाँच ठळक, म्हणून तिचीच चव सेझॉनची व्याख्या बनली. तूर्पपासून काही मैलांवरील पिपे गावात वाफेच्या यंत्रावर चालणारी आणखी एक जुनी ब्रुअरी आहे. तिची सेझॉन दुपाँसारखी लागत नाही. कोरे नियम हाती घेऊन बसलेला परीक्षक तिला कदाचित मागे टाकेल. जॅक्सन यांनी असे केले नसते. त्यांनी स्वतःच्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शकात बिअरला एक ते चार तारे दिले, पण देशोदेशीचा संदर्भ राखून. फिनलंडमधील शेतकऱ्यांची जुनिपरच्या फांद्यांतून गाळलेली ‘साहती’, जी लवकर नासते आणि वरकरणी ओबडधोबड भासते, तिच्याविषयीही त्यांनी आदराने लिहिले आणि देशाबाहेर तिची ओळख करून दिली.

ते कोणत्याच बिअरला वाईट म्हणत नाहीत, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. तो अगदीच निराधार नव्हता. जागा मर्यादित असेल तर ती चांगल्यासाठी खर्चावी, अशी त्यांची धारणा होती. समीक्षक म्हणून ही उणीव म्हणावी लागेल. परंतु जिथे परंपराच शेवटचे श्वास घेत होत्या, तिथे पहिले काम त्या नोंदवण्याचे होते, हेही तितकेच खरे.

बेल्जियमने त्यांचे ऋण मानले. १९९४ मध्ये तेव्हाचे युवराज फिलिप यांच्या हस्ते त्यांना ‘मर्क्युरियस’ पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये ब्रुसेल्सच्या बिअरनिर्मात्यांच्या जुन्या संघाने त्यांना मानाचे सदस्यत्व दिले. स्वतः बिअर न करणाऱ्या व्यक्तीला असा मान प्रथमच मिळाला. २००६ मध्ये व्हिस्कीवरील ग्रंथासाठी अमेरिकेचा जेम्स बिअर्ड पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला.

या वैभवाच्या काळात त्यांचे शरीर साथ सोडत चालले होते. चालताना तोल जाई, हात थरथरत, शब्द अडखळत. एखाद्या लेखापालाच्या बाबतीत लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. आयुष्यभर मद्य चाखणाऱ्या माणसाविषयी लोकांनी वेगळाच निष्कर्ष काढला. ज्यांनी मद्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी तीस वर्षे खर्ची घातली, त्यांच्याकडे पाहून सभागृहाच्या मागच्या रांगेत कुजबुज होऊ लागली. त्यांना पार्किन्सन्स होता आणि दहाएक वर्षे त्यांनी तो जगापासून लपवला होता. डिसेंबर २००६ मध्ये अखेर त्यांनी आपला आजार जाहीर केला. आपण नशेत नव्हतो, हे त्यांना सांगावे लागले. या अनुभवावर पुस्तक लिहिण्याचाही त्यांचा मनोदय होता.

तो अपुरा राहिला. ३० ऑगस्ट २००७ रोजी हॅमरस्मिथमधील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ६५ होते. पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली २००९ मध्ये. ताज्या, हाताने घडवलेल्या बिअरची महाराष्ट्रातील ही सुरुवात त्यांनी पाहिली नाही. त्यांची पुस्तके, कागदपत्रे आणि नोंदवह्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाकडे गेल्या.

अमेरिकेतील ‘ऑल अबाउट बिअर’ मासिकासाठी ते नियमित स्तंभ लिहीत. त्यांचा शेवटचा स्तंभ ‘मोर् स्युबित’ या नावाभोवती गुंफलेला होता. फ्रेंचमध्ये याचा अर्थ आकस्मिक मृत्यू. ब्रुसेल्समधील एका जुन्या कॅफेचे आणि तिथल्या आंबट बिअरचे हे नाव. जवळच्या बँकेतील कर्मचारी दुपारच्या सुट्टीत तिथे फाशांचा डाव मांडत आणि कचेरीत परतायची वेळ झाली की एकाच फेकीत निकाल लावून उठत. त्या शेवटच्या फेकीला ते आकस्मिक मृत्यू म्हणत. आजारपणात आपण एकदा मृत्यूला हुलकावणी दिली की काय, असा खेळकर प्रश्न जॅक्सन यांनी त्या स्तंभात विचारला होता. मासिकाचा तो अंक निघाला त्याच सुमारास त्यांच्या निधनाची बातमी आली.